ओढाळ कोणाला म्हणायचे?

पाळलेला कुत्रा साखळी तोडून गेला, पिंजऱ्यातला पोपट दार उघडे मिळताच उडाला, सालगडी साल भरण्याआधी रातोरात गाव सोडून गेला किंवा नांदती सून पहाटे पाण्याला म्हणून बाहेर पडली ती परतलीच नाही, तर या चारही प्रसंगी आपल्या समाजात एकच प्रश्न विचारला जातो. ‘खायला-प्यायला काय कमी केलं होतं?’ प्रश्न विचारणारा नेहमी मालक असतो, आणि मालक नसला तर मालकाच्या ओसरीवर बसणारा असतो. गेलेल्याला कोणी काही विचारीत नाही. तो हाती लागला तर त्याला मार मिळतो; हाती लागला नाही तर त्याला नाव मिळते.

ही नावे एकदा नीट ऐकावीत. दावे तोडून वारंवार जाणारे जनावर ‘ओढाळ’. कामावरून गेलेला माणूस ‘फरारी’. जो उभा राहून मार खात नाही तो ‘पळपुटा’. घर सोडलेल्या बाईने ‘तोंड काळे केले’. या सगळ्या शब्दांत दोष जाणाऱ्याच्या अंगाला चिकटवलेला आहे. दावे आखूड होते, खुंटा उन्हात होता, गोठ्यात चिखल होता, हे सांगणारा एकही शब्द यांत नाही. आखूड दाव्याने बांधणाऱ्या मालकाला आपल्या भाषेत विशेषण नाही. शब्द घडविण्याचा अधिकारही ज्याच्या हाती कासरा होता त्याच्याच हाती राहिला, हे यावरून उघड होते. दलित साहित्याच्या समीक्षेने ज्या अनेक गोष्टी अजून मुळापासून तपासलेल्या नाहीत, त्यांत पळून जाण्याची ही गोष्ट मी अग्रक्रमाने मांडतो.

प्रथम जनावराचेच पाहू, कारण माणसाविषयीची पुष्कळ लबाडी जनावराच्या उदाहरणावरच उभी केली जाते. कुत्री-मांजरे घर सोडून का जातात, याची कारणे पाळणाऱ्यांना माहीत असतात. दिवाळीतल्या फटाक्यांना भिऊन जातात, माजावर आल्यावर जातात, दिवसभर एका जागी बांधून कंटाळली की जातात. पण या सगळ्यांखाली एक साधे कारण आहे. अमेरिकेत एडवर्ड थॉर्नडाइक या मानसशास्त्रज्ञाने १८९८ साली मांजरांवर केलेले प्रयोग प्रसिद्ध केले. लाकडी पट्ट्यांच्या पेटीत भुकेले मांजर कोंडायचे, बाहेर खाणे ठेवायचे आणि आतली दोरी किंवा खटका ओढून ते किती वेळात बाहेर येते हे मोजायचे, असा प्रयोग होता. प्रयोगाचा हेतू शिकण्याची क्रिया समजून घेण्याचा होता. परंतु थॉर्नडाइकने जाता जाता एक गोष्ट नोंदवली. पेटीतले मांजर बाहेरच्या खाण्याकडे फारसे लक्ष देत नाही; ते पट्ट्या ओरबाडते, चावते, फटीतून अंग काढू पाहते, आणि त्याची सगळी धडपड कोंडलेपणातून सुटण्याची असते. भुकेल्या मांजराचीही ही गोष्ट आहे. ‘खायला काय कमी होतं?’ या प्रश्नाचे उत्तर त्या पेटीतच मिळालेले आहे. अन्न हा कोंडण्याचा मोबदला होऊ शकत नाही.

आपल्या देशाच्या कायद्यानेही हे जनावरापुरते मान्य केले. प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणारा १९६० चा कायदा अवाजवी आखूड किंवा जड साखळीने जनावर फार वेळ बांधून ठेवणे हा गुन्हा ठरवतो. माणसाला वेठीला धरण्याची मनाई संविधानाच्या तेविसाव्या अनुच्छेदाने १९५० मध्येच केली होती, हे खरे. पण वेठबिगार नष्ट करणारा स्वतंत्र कायदा संसदेने केला तो १९७६ साली. कुत्र्याच्या साखळीची लांबी कायद्यात आली, त्यानंतर सोळा वर्षांनी माणसाचे दावे कायद्यात आले. हा क्रम आपण लक्षात ठेवला पाहिजे.

आता माणसाकडे वळू. आणि येथे मला अमेरिकेतील गुलामगिरीची साक्ष काढावी लागते. ही साक्ष परकी नाही. जोतीराव फुल्यांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’ लिहिली, तेव्हा ती त्यांनी अमेरिकेतील ज्या सदाचारी लोकांनी गुलामांना दास्यातून मुक्त केले त्यांना अर्पण केली. तुलनेचा धागा जोतीरावांनीच आपल्या हाती दिलेला आहे.

लुइझियाना राज्यात सॅम्युअल कार्टराइट नावाचा डॉक्टर होता. निग्रो गुलाम मालकाकडून पळून का जातात, याचा त्याने ‘शोध’ लावला आणि १८५१ साली तो छापून प्रसिद्ध केला. पळून जाणे हा एक मनाचा रोग आहे, असे त्याचे प्रतिपादन होते. त्या रोगाला त्याने ग्रीक शब्दांतून नाव घडवले, ‘ड्रेपेटोमेनिया’, म्हणजे पळून जाण्याचे वेड. गुलामाने गुडघे टेकून राहावे ही ईश्वराचीच योजना आहे, असे त्याने बायबलच्या आधारे सांगितले. उपायही दिला. मालकाने गुलामाला फार बरोबरीने वागवू नये आणि फार क्रूरपणेही वागवू नये, लेकरासारखे सांभाळावे, आणि तो कारणावाचून कुरकुरू लागला, तर रोग बळावण्याआधी फटक्यांनी उतरवावा. आज हे वाचून आपल्याला हसू येईल. परंतु कार्टराइट हा वेडगळ माणूस नव्हता. तो आपल्या समाजातला प्रतिष्ठित वैद्य होता. त्याच्या आदल्याच वर्षी, १८५० साली, पळालेल्या गुलामांना उत्तरेतील राज्यांतूनही पकडून परत पाठविण्याचा कडक कायदा अमेरिकेने केला होता. कायद्याने ज्याला गुन्हा म्हटले, त्याला वैद्यकाने रोग म्हटले आणि धर्मग्रंथाने पाप म्हटले. पळणाऱ्यासाठी तीन नावे तयार झाली. पण मळ्याला कोणी रोगट म्हटले नाही.

याच्या उलट बाजूला फ्रेडरिक डग्लस उभा आहे. तो १८३८ साली बाल्टिमोरहून खलाशाच्या वेषात, एका स्वतंत्र काळ्या खलाशाची कागदपत्रे खिशात घालून, आगगाडीने निघाला आणि न्यूयॉर्कला पोहोचला. १८४५ साली त्याचे आत्मकथन प्रसिद्ध झाले. त्यात मार आहे, उपासमार आहे, चोरून अक्षर शिकणे आहे. पण ज्या सुटकेसाठी वाचक पाने उलटतो, त्या सुटकेची हकीकत मात्र नाही. ती त्याने गुलामगिरी कायद्याने संपल्यानंतर, १८८१ च्या आत्मचरित्रात सांगितली. कारण स्पष्ट होते. मार्ग सांगितला असता तर तो मागच्यांसाठी बंद झाला असता आणि मदत करणारे पकडले गेले असते. साहित्यशास्त्राच्या नेहमीच्या मोजपट्टीने पाहिले, तर ऐन उत्कर्षबिंदू गाळणे हा रचनेचा दोष ठरेल. पण येथे तोच त्या पुस्तकाचा नैतिक कणा आहे. ज्याला मागे राहिलेल्यांची आठवण असते, तो आपल्या सुटकेची शौर्यकथा करीत नाही. गुलामाच्या वाङ्मयाला वेगळे सौंदर्यशास्त्र का लागते, याचे याहून स्वच्छ उदाहरण मला माहीत नाही.

आपल्याकडे ‘ड्रेपेटोमेनिया’ असा शब्द कोणी घडवला नाही. त्याची गरजच नव्हती. आपल्याकडे जन्म हेच निदान होते. तरीही इंग्रजी अमदानीत दोन कायदे असे झाले की, ते शेजारी शेजारी ठेवून वाचावेत. दोन्ही १८७१ सालचे आहेत. त्या वर्षीचा पहिला कायदा मोकाट गुरांचा. दुसऱ्याच्या पिकात शिरलेले गुरू कोंडवाड्यात घालावे, मालकाने दंड व चाऱ्याचा खर्च भरून सोडवून न्यावे, कोणी न आल्यास लिलाव करावा, असा तो कायदा. त्याच वर्षीचा सत्ताविसावा कायदा गुन्हेगार जमातींचा. काही जमाती जन्मतःच गुन्हेगार ठरवाव्यात, त्यांची नोंद करावी, हजेरी घ्यावी, परवान्यावाचून ठरलेली हद्द सोडली तर शिक्षा करावी, असा तो कायदा. पहिल्यात मोकाट गुरू, दुसऱ्यात मोकाट माणूस. फरक इतकाच की गुराच्या भटकण्याचा दंड मालक भरत होता आणि माणसाच्या भटकण्याचा दंड त्याचा तोच भोगीत होता. पुढे १९११ च्या कायद्याने हा कोंडवाडा मुंबई इलाख्यातही आला; सोलापूरची सेटलमेंट त्यातूनच उभी राहिली. १९५२ साली हा कायदा गेला. लक्ष्मण गायकवाडांचे ‘उचल्या’ १९८७ साली प्रसिद्ध झाले, त्यातल्या माणसांच्या दारावरची पोलिसांची थाप मात्र गेलेली नव्हती.

दया पवारांनी १९७४ साली आपल्या पहिल्या कवितासंग्रहाला ‘कोंडवाडा’ हे नाव दिले. गावाच्या कडेला पडक्या भिंतीत उभी असलेली ती जागा पांढरपेशा वाचकाने क्वचितच आतून पाहिली असेल. त्याला ती प्रतिमा वाटली. आम्हाला ती पत्ता वाटली.

मराठी समीक्षेने पळून जाण्याकडे कसे पाहिले, तेही आता बघावे. ‘पलायनवाद’ हा तिचा आवडता शब्द. वास्तव सोडून स्वप्नात रमणारे वाङ्मय ते पलायनवादी. शब्दाच्या पोटात असे गृहीत आहे की, वास्तव हे सर्वांना राहण्याजोगे घर आहे आणि त्यातून जाणारा दुबळा आहे. १९६३ या एकाच सालची दोन पुस्तके घेऊ. भालचंद्र नेमाडे यांची ‘कोसला’ आणि बाबुराव बागुलांचा ‘जेव्हा मी जात चोरली होती’ हा कथासंग्रह. ‘कोसला’तला पांडुरंग सांगवीकर पुण्यातल्या शिक्षणाला आणि शहराला विटून गावी परततो. त्याचे विटणे खरे आहे आणि कादंबरी थोर आहे, याबद्दल माझा वाद नाही. पण त्याला परतायला गाव आहे, गावात घर आहे, घराला शेती आहे. बागुलांच्या शीर्षककथेतला तरुण रेल्वेतल्या नोकरीसाठी परगावी येतो, भाड्याची खोली मिळावी म्हणून जात लपवतो आणि जात उघडी पडताच मार खातो. त्याला परतीचे गाव नाही. पुढे गेले तर खोली नाही. पहिल्याच्या अस्वस्थतेला परात्मता, अस्तित्ववाद असे भारदस्त शब्द तत्काळ मिळाले. दुसऱ्याची अस्वस्थता ‘दाहक अनुभव’ म्हणून बाजूला ठेवली गेली. एकाला तत्त्वज्ञान मिळाले, दुसऱ्याला सहानुभूती. वस्तुतः माणूस जागा का सोडतो, हा प्रश्न दोघांचाही आहे, आणि तो मुळापासून विचारला आहे बागुलांनी. कारण दावे गावात तुटले तरी त्याचे टोक माणसाच्या गळ्यात राहते, हे त्यांनी दाखवले.

‘बलुतं’ (१९७८) याच दृष्टीने वाचावे. दगडू मारुती पवार आणि दया पवार यांच्या संवादातून ते पुस्तक उभे राहते. दया पवार शहरात आहेत, शिकलेले आहेत, नोकरीत आहेत. दगडू अजून तिथेच आहे. सुटलेला आणि न सुटलेला असे दोघे एकाच देहात बसून एकमेकांना हिशेब विचारतात. प्रस्थापित आत्मचरित्राचा नायक जिथे पोहोचला तिथून मागे पाहतो आणि समाधानाने हसतो. येथे पोहोचणेच संशयास्पद झाले आहे. डग्लसने मार्ग सांगितला नाही, कारण मागे माणसे होती. पवारांनी दगडूला मागे सोडले नाही, कारण मागची माणसे त्यांच्या आतच होती. ही दोन्ही माणसे पळाली, पण त्यांना पळपुटी म्हणण्याची कोणाची छाती आहे?

येथे एक आडवा प्रश्न येतो आणि तो टाळणे अप्रामाणिकपणाचे होईल. कोंडलेला प्रत्येक जण पळत का नाही? शतकानुशतके माणसे गावकुसाबाहेर का राहिली? या प्रश्नाचा उपयोग आपल्याविरुद्ध वारंवार केला गेला आहे. ‘त्यांना ते मान्यच होते’ असा त्याचा सूर असतो. १९६७ च्या सुमारास अमेरिकेत मार्टिन सेलिगमन आणि स्टीव्हन मायर यांनी कुत्र्यांवर प्रयोग केले. काही कुत्र्यांना असे विजेचे धक्के दिले की, काहीही केले तरी ते थांबत नसत. मग त्यांना ठेंगणा आडोसा ओलांडला की सुटका होईल अशा जागी ठेवले. त्यांतली पुष्कळ कुत्री उडी न मारता तिथेच बसून धक्के सोसत राहिली. कुत्री असहायता ‘शिकली’, असा निष्कर्ष तेव्हा काढला गेला. पण सुमारे पन्नास वर्षांनी, २०१६ साली, त्याच दोघांनी मेंदूच्या नव्या अभ्यासावरून आपला सिद्धांत उलटा केला. दीर्घ यातनेत निपचित पडणे हे शिकावे लागत नाही. ती देहाची मूळ प्रतिक्रियाच आहे. शिकावे लागते ते हे, की आपण काही केले तर फरक पडतो. आणि पहिल्या प्रयोगांतच असेही दिसले होते की, बसून राहिलेल्या कुत्र्याला पट्ट्याला धरून काही वेळा पलीकडे ओढून नेले की मग ते आपले आपण उडी मारू लागते.

जनावरावरचे हे प्रयोग निर्दय होते. आणि माणूस कुत्रा नव्हे. त्याला इतिहास आहे, भाषा आहे. तरीही या निष्कर्षाने ‘त्यांना मान्यच होते’ म्हणणाऱ्यांचे तोंड बंद व्हायला हरकत नाही. न पळणे म्हणजे संमती नव्हे. सुटका शक्य आहे हे ज्ञान कोणीतरी द्यावे लागते, आणि नेमके तेच ज्ञान आपल्याकडे धर्माने नाकारले. बाबासाहेबांनी महार वतनाविरुद्ध १९२८ साली मुंबईच्या कायदेमंडळात विधेयक आणले. तुटपुंजी इनाम जमीन आणि हक्काची भाकरी यांच्या बदल्यात रात्रंदिवस सरकारचे आणि गावाचे काम, असा तो खुंटा होता. त्या खुंट्याला वतनाची प्रतिष्ठा असल्यामुळे तो सोडवेना, अशीही आपली माणसे होती. कनिष्ठ गावकामगारांची वतने नष्ट करणारा मुंबई राज्याचा कायदा झाला १९५८ साली. तीस वर्षे गेली. आधी खुंटा हा खुंटा आहे हे पटवावे लागले. दावे तोडण्याची गोष्ट त्यानंतरची.

म्हणूनच बाबासाहेबांचा मार्ग पळण्याचा नव्हता, निघण्याचा होता. या दोन क्रियापदांतला फरक हा या लेखाचा गाभा आहे. पळणारा रात्री जातो, एकटा जातो आणि मागे गोठा तसाच उभा असतो. निघणारा दिवसा, सांगून निघतो. १३ ऑक्टोबर १९३५ रोजी येवल्याला घोषणा झाली. १९३६ च्या मे महिन्यात मुंबईत ‘मुक्ती कोन पथे?’ हे भाषण झाले. त्यात धर्म का सोडायचा, याची कारणे लोकांपुढे तपशिलाने मांडली. १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपूरला दीक्षा झाली. मधली एकवीस वर्षे चर्चा, संघटना, शाळा, वसतिगृहे आणि वाद यांची आहेत. असे जाहीर, तारीखवार, लाखोंनी केलेले निघणे जगाच्या इतिहासात विरळा आहे.

आणि हा विचार त्यांनी बुद्धचरित्रातही नेला. परंपरागत कथेत सिद्धार्थ म्हातारा, रोगी आणि प्रेत पाहून विषण्ण होतो आणि रात्री झोपलेल्या पत्नी-पुत्राला सोडून जातो. ‘द बुद्ध अँड हिज धम्म’ (१९५७) मध्ये बाबासाहेबांनी ही कथा नाकारली. तेथे रोहिणी नदीच्या पाण्यावरून शाक्य आणि कोलीय यांचा तंटा आहे. संघाने युद्धाचा ठराव केला आहे. सिद्धार्थ उघड सभेत विरोध करतो, आणि सैन्यात जाणे किंवा कुटुंबावर बहिष्कार ओढवून घेणे यांपेक्षा परिव्रज्या पत्करतो. घरी सांगून, निरोप घेऊन जातो. दुःखाला भिऊन केलेले पलायन येथे पाण्याच्या न्याय्य वाटपासाठी केलेले निष्क्रमण झाले. महाडच्या चवदार तळ्यावर उभ्या राहिलेल्या माणसाने पाण्याचे कारण पुढे आणावे, यात मला नवल वाटत नाही. वाङ्मयीन पुनर्रचना म्हणूनही ही घटना मोठी आहे. मराठी समीक्षेने तिच्यावर किती लिहिले, हे वाचकांनीच पाहावे.

परंतु मालकाचा प्रश्न केवळ मालकाच्याच घरात विचारला जातो असे समजून आपण मोकळे होऊ नये. बेबी कांबळे यांचे ‘जिणं आमुचं’ १९८६ साली पुस्तकरूपाने आले. सासुरवासाला कंटाळून माहेरी पळणाऱ्या कोवळ्या सुनांच्या पायात जड लाकडाचा खोडा कसा अडकवीत, हे त्यांनी त्यात लिहिले आहे. ओढाळ गुराच्या गळ्यात लोढणे, तसा ओढाळ सुनेच्या पायात खोडा. तो अडकविणारे हात सवर्णांचे नव्हते. ज्यांना गावाने बांधले होते, त्यांनीच घरात खुंटा ठोकला होता. आपल्या आत्मकथनांतील वेठबिगारीची पाने आपण सभांमधून वाचून दाखवतो. खोड्याचे हे पान किती वेळा वाचतो? आजही स्वतःच्या मनाने जोडीदार निवडलेल्या मुलीविषयी वस्तीत बोलताना कार्यकर्त्यांच्या तोंडूनही ‘पळून गेली’ हेच शब्द येतात. सज्ञान मुलगी दिवसाढवळ्या जाऊन लग्नाची नोंद करते, तिला ‘निघाली’ म्हणायला आपली जीभ का वळत नाही? ज्या भाषेने आपल्या बापजाद्यांना ओढाळ म्हटले, तिचे जू आपण आपल्याच लेकींच्या मानेवर ठेवतो आहोत.

दावे आता सुती राहिलेले नाही, एवढाच फरक. मराठवाड्यातून उसाच्या तोडीला जाणारे नवरा-बायको मिळून एक ‘कोयता’ धरले जातात. मुकादमाची उचल अंगावर असते आणि ती फिटेपर्यंत सुटका नसते. उचल घेऊन काम सोडणाऱ्या मजुराला तुरुंग दाखविणारा कायदा इंग्रजांनी १८५९ साली मुंबई, मद्रास, कलकत्त्यासाठी केला होता. तो १९२५ साली रद्द झाला. कायदा गेला, उचल राहिली. मार्च २०२० मध्ये टाळेबंदी झाली तेव्हा ज्या शहरांकडे माणसे गाव सोडून धावली होती, त्याच शहरांतून ती पायी गावाकडे निघाली. ८ मे २०२० च्या पहाटे जालन्याहून निघालेले सोळा मजूर औरंगाबादजवळ रुळांवर झोपले असता मालगाडीखाली गेले. त्या दिवसांतही कोणी विचारलेच, ‘इथे जेवण देत होते ना, मग गेले कशाला?’ मांजराच्या पेटीपासून रुळांपर्यंत प्रश्न बदललेला नाही.

शिक्षकांनी आणि विद्यार्थ्यांनी आता एवढे करावे, अशी माझी मागणी आहे. कथेत, कवितेत, आत्मकथनात किंवा वर्तमानपत्राच्या बातमीत कोणी ‘पळाला’ असे आले, की वाचन तिथे थांबवावे आणि विचारावे: खुंटा कोठे होता, दावे किती लांब होते, हा शब्द कोणी वापरला, आणि जाणाऱ्याने मागच्यांसाठी वाट मोकळी ठेवली की बुजवली? शेवटचा प्रश्न आपल्यातल्या सुटलेल्यांसाठी आहे. नोकरी, सदनिका, आडनावातला बदल यांपर्यंत पोहोचून ज्यांनी दगडूला ओळख देणे बंद केले, त्यांच्या सुटकेचे मोजमापही याच प्रश्नाने झाले पाहिजे. समीक्षेने हे काम हाती घेतले, तर ‘ओढाळ’ हा शब्द एक दिवस जनावराच्या गळ्यातून काढून योग्य त्या गळ्यात बांधता येईल.